खर्जाची तार आणि कणकेचा गोळा

जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद नावाचे गाव आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथलीच. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, ही दुर्बीण पाहायला खूप गर्दी होते. जुन्नर-आंबेगावच्या शाळांमधली मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका टेबलापाशी मी रेंगाळलो.

आठवीतल्या एका मुलीने लाकडी फळीवर तीन तारा ताणल्या होत्या. प्रत्येक तारेचे एक टोक खिळ्याला आणि दुसरे कप्पीवरून खाली सोडून पाण्याच्या बादलीला. पहिली तार बारीक. छेडली की स्वच्छ, उंच सूर. दुसरी चांगलीच जाड लोखंडी तार. तिचा आवाज खाली गेला होता खरा, पण त्याला सूर म्हणता येत नव्हते. भांडे आपटल्यासारखा काहीतरी खणखणाट. तिसरी तार त्याहूनही जाड, आणि तिचा सूर मात्र खोल, घुमणारा, स्पष्ट.

‘‘ही तिसरी कुठून आणलीस?’’ मी विचारले.

‘‘पप्पांची जुनी तार आहे. बेस गिटारची.’’

वडील मागेच उभे होते. मंचरकडचे. लग्ने, गणपती, जत्रा अशा कार्यक्रमांत गेली पंधरा वर्षे बेस गिटार वाजवणारे. दुसरी तार बेसूर का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘‘साहेब, तार नुसती जाड केली की तिची काठी होते. खर्जाला वजन पाहिजे, काठी नको.’’

भौतिकशास्त्र शिकण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. तरीही ही गोष्ट इतक्या थोडक्यात मला सांगता आली नसती. पुढचा अर्धा तास मी त्यांची मते ऐकली. तारा कोणत्या चांगल्या, जुन्या की नव्या, लाकडाचे महत्त्व किती, पेटी केवढी हवी, अशी अनेक. त्यांतल्या काही मतांचा इतिहास आणि त्यांमागचे विज्ञान असा हा लेख आहे.

काठी आणि दोरी

ताणलेल्या तारेचे नियम मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली ग्रंथरूपाने मांडले. सोनोमीटरच्या प्रयोगात आपण तेच पडताळून पाहतो. तार दुप्पट लांब केली की वारंवारता निम्मी होते. ताण चौपट केला की वारंवारता दुप्पट होते. तारेचे दर मीटरमागचे वजन चौपट केले की वारंवारता निम्मी होते.

आता समजा आपल्याला साध्या गिटारच्या सर्वांत खालच्या तारेपेक्षाही एक सप्तक खाली जायचे आहे. त्या तारेची वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ असते, बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची सुमारे ४१. वाटा तीनच. लांबी दुप्पट करा; पण मग डाव्या हाताची बोटे पुरत नाहीत. ताण एक चतुर्थांशावर आणा. पण सैल तार फडफडते आणि खालच्या लाकडावर आपटते. उरले वजन. तार जाड करा.

इथेच काठीची गोष्ट येते. तारेचा व्यास दुप्पट केला तर वजन चौपट होते, पण तिचा वाकण्याला होणारा विरोध, म्हणजे ताठरपणा, सोळापट होतो. व्यास तिप्पट केला तर वजन नऊपट आणि ताठरपणा एक्याऐंशीपट! आदर्श तार ही दोरीसारखी असते. ताणल्यामुळेच ती सरळ राहते, तिचा स्वतःचा ताठरपणा जवळजवळ नसतो. अशी तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे बारीक स्वरही निघतात. यांना आपण उपस्वर म्हणू. ते अशा सोप्या प्रमाणात असले की कानाला सगळे मिळून एकच सूर ऐकू येतो. ताठ तारेत हे प्रमाण बिघडते. उपस्वर वर वर सरकतात, दुप्पटीऐवजी दुपटीहून थोडा जास्त, तिपटीऐवजी आणखी जास्त. मग कानाला एक सूर सापडत नाही. मुलीच्या दुसऱ्या तारेत नेमके हेच झाले होते.

तांब्याचा वेढा

युरोपातले वादक अनेक शतके आतड्याच्या तारा वापरत. खर्जाच्या तारा जाडजूड, सुंभासारख्या आणि मंद आवाजाच्या. सतराव्या शतकाच्या मध्यास कोणीतरी आतड्याच्या बारीक तारेवर धातूची तार गुंडाळली. लंडनचा संगीत-प्रकाशक जॉन प्लेफर्ड याने १६६४ मध्ये अशा नव्या तारांची जाहिरात छापलेली आहे. शोध कोणाचा, हे तिथेही ठामपणे समजत नाही. कारागिरांच्या शोधांचे बहुधा असेच होते.

गुंडाळलेल्या तारेचे मर्म असे: वाकताना ताण सोसायचा तो आतल्या गाभ्याने. बाहेरचे वेढे एकमेकांशेजारी नुसते बसलेले असतात. तार वाकली की दोन वेढ्यांमधली फट किंचित उघडते, मिटते. वेढे वजन देतात, पण ताठरपणात फारशी भर घालत नाहीत.

हिशेब करून पाहू. अर्धा मिलिमीटर व्यासाची पोलादी तार घेतली तर एक मीटरचे वजन सुमारे दीड ग्रॅम. तिच्यावर अर्ध्याच मिलिमीटरची तांब्याची तार घट्ट गुंडाळली, तर एका मीटरवर दोन हजार वेढे बसतात. त्यांना सव्वासहा मीटर तांबे लागते. एकूण वजन साडेबारा ग्रॅमवर जाते, म्हणजे आठपटीहून थोडे जास्त. वारंवारता जवळजवळ एकतृतीयांश होते. हेच वजन नुसत्या पोलादाने द्यायचे तर तार १.४ मिलिमीटर जाड लागेल आणि तिचा ताठरपणा मूळ तारेच्या सुमारे ६७ पट होईल. काठीच ती!

हीच युक्ती आपल्या तंबोऱ्यात वेगळ्या रूपात दिसते. मधल्या जोडीच्या तारा पोलादी आणि खर्जाची तार पितळी. पितळ पोलादापेक्षा थोडे जड आहे, पण वाकायला जवळजवळ दुप्पट सोपे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात तंबोरे करू लागलेले शिकलगार हे मुळात शस्त्रे घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या घराण्यातले. कोणता धातू कसा वाकतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

गिटार आडवी कशी झाली

‘‘मोठ्या बेसला टेम्पो लागला असता, माझी पाठीवर बसते,’’ असे आमचे वादक म्हणाले. बेस गिटारचा जन्म खरोखरच या अडचणीतून झाला. त्याआधी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जासाठी माणसाहून उंच असा, उभ्याने वाजवायचा डबल बेस असे. तो प्रवासात नेणे त्रासाचे, आणि बाकीची वाद्ये जोरात वाजू लागली की त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात आडवी धरून वाजवायची, विजेवर चालणारी बेस गिटार बनवली, पण ती फारशी खपली नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडर यांनी आणलेली ‘प्रिसिजन बेस’ मात्र जगभर पसरली. फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. डबल बेसला पट्ट्या नसतात, बोट किंचित चुकले की सूर चुकतो. यांनी गळ्यावर धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि सूर नेमका लागू लागला. प्रिसिजन म्हणजे अचूकता, हे नाव त्यावरूनच आले.

फेंडरनी तारेची लांबी ३४ इंच ठेवली, म्हणजे ८६ सेंटिमीटर. आजही बहुतेक बेस गिटार त्याच मापाच्या असतात. साधी गिटार साधारण ६५ सेंटिमीटरची असते. म्हणजे वारंवारता निम्मी करायची, तर लांबीने थोडेच काम केले. बाकीचे काम वजनाने आणि वेढ्यांनी केले. खालच्या तारेवर साधारण १६ किलोग्रॅम वजनाइतका ताण असतो, चारही तारांचा मिळून पाऊणशे किलोंच्या आसपास. इतक्या ओढीने गळा वाकू नये म्हणून लाकडात लोखंडी सळई घातलेली असते.

इथे आवाज लाकडाच्या पोकळ पेटीतून येत नाही. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले प्रवर्तन ते हेच. त्यामुळे या गिटारला आतड्याची किंवा नायलॉनची तार लावली तर चुंबकाला तिचा पत्ताच लागणार नाही.

आपल्याकडे हे वाद्य मुख्यतः मुंबईच्या चित्रपटसंगीतातून रुजले. तिथल्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतली बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ हे नाव जाणकारांना परिचित आहे. तीच गाणी गावोगावच्या ऑर्केस्ट्रांना हवी होती, म्हणून बेस गिटार मंचरपर्यंत पोहोचली.

जुनी तार, उकळलेली तार

तारा कधी बदलाव्यात? यावर वादकांत दोन पक्ष आहेत. नवी तार खणखणीत, जुनी तार मऊ आणि गोल. अमेरिकेतले नामवंत बेसवादक जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) आपल्या तारा क्वचितच बदलत. त्यांच्या तारा चपट्या पट्टीच्या वेढ्याच्या होत्या. आमचे वादक दुसऱ्या पक्षाचे. ‘‘पण नवा संच परवडत नाही, मग जुन्याच तारा पाण्यात उकळतो. दोन-तीन कार्यक्रम निघतात.’’

मला हे प्रथम गमतीचे वाटले, पण विचार केला तर सरळ आहे. बोटांचा घाम, तेल, धूळ, मृत त्वचा हे सारे वेढ्यांच्या फटींत जाऊन बसते. वेढे एकमेकांवर सरकेनासे होतात आणि घर्षणाने ऊर्जा खर्ची पडते. वरच्या उपस्वरांत तार दर सेकंदाला अधिक वेळा आणि अधिक बारीक वळणांत वाकते, म्हणून तेच आधी विझतात. उरतो तो मूळ स्वर आणि एक-दोन उपस्वर. आवाज मऊ होतो. उकळल्याने तेलकट मळ सुटतो आणि फटी मोकळ्या होतात. धातूला गंज चढला असेल तर मात्र उकळून उपयोग नाही. चपट्या वेढ्याच्या तारेत फटी कमी आणि बोटांचा करकर आवाजही कमी, म्हणून तिचा आवाज मुळातच मऊ. म्हणजे दोन्ही पक्ष बरोबर आहेत. त्यांना हवे असलेले उपस्वर वेगळे आहेत, इतकेच.

कर्ण्यातून न आलेला स्वर

पूर्वी जत्रेत झाडाला, खांबाला लोखंडी कर्णे बांधलेले असत. आमचे वादक म्हणाले, ‘‘कर्ण्यात बेस जातो पण बाहेर येत नाही. तरी माणसांना गाणं बरोबर कळतं.’’ यांतल्या दोन्ही वाक्यांना विज्ञानाचा आधार आहे.

४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत आठ मीटरहून अधिक. कर्णा एखादा स्वर नीट बाहेर टाकू शकावा, यासाठी त्याच्या तोंडाचा परीघ ढोबळमानाने त्या स्वराच्या तरंगलांबीइतका तरी हवा. अर्धा मीटर तोंडाच्या कर्ण्याचा परीघ दीड मीटरच्या थोडा वर. म्हणजे सुमारे २०० हर्ट्झच्या खालचे जवळजवळ सगळे आतच राहते. बेस गिटारच्या खालच्या तारेचा मूळ स्वर तर हरवतोच, शिवाय पहिले काही उपस्वरही.

मग गाणे कळते कसे? ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारास भोके पाडलेल्या फिरत्या तबकड्यांवर हवेचा झोत सोडून प्रयोग केले. मूळ स्वर फार दुबळा असला तरी उपस्वरांवरून कान त्याच सुराची ओळख पटवतो, असे त्याला आढळले. २०५, २४६, २८७ असे ४१ च्या पटीतले स्वर कानावर पडले की मेंदू खालचा ४१ चा सूर स्वतःच भरून काढतो. छोट्या रेडिओवर आपण खर्ज ऐकतो तो असाच. पण यासाठी एक अट आहे. उपस्वर नेमक्या प्रमाणात हवेत. काठीसारख्या तारेच्या बिघडलेल्या उपस्वरांवरून मेंदूलाही सूर सापडत नाही.

मूळ स्वर खरोखर अंगावर यायला हवा असेल तर मोठी पेटी आणि पुष्कळ वीज लागते. आपला कान खर्जाला फार मंद आहे. ४० हर्ट्झचा स्वर नुसता ऐकू येण्यासाठी १००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा जवळजवळ लाखपट तीव्रता लागते. मोठ्या आवाजात हा फरक कमी होतो, पण उरतोच. आजच्या मिरवणुकांतल्या भिंतीएवढ्या पेट्यांचे मूळ इथे आहे. ‘‘त्या पेट्यांपुढे उभं राहून माझा उजवा कान गेला,’’ हे त्यांनी अगदी सहज सांगितले. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण त्याच पेट्यांपुढे नाचतात. ध्वनीच्या धड्यात हे वाक्य जरूर सांगावे.

कणीक आणि शाई

निघताना ते म्हणाले, ‘‘आमचं काय, बाजारातून तार आणतो. खरा बेस ढोलकीवाल्याचा. तो स्वतः बनवतो.’’

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला, आणि विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) त्याच घराण्यातल्या. चैत्रात जत्रांचा हंगाम आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. तुणतुण्याच्या एका तारेने सूर धरायचा आणि ढोलकीच्या डाव्या बाजूने खर्ज द्यायचा, ही तमाशाची जुनी रीत. ढोलकीच्या डाव्या पुडीला आतून तेलकट मसाला लावलेला असतो. भजनातल्या पखवाजाच्या डाव्या बाजूला तर आपल्यासमोरच भिजवलेली कणीक थापतात आणि भजन संपले की खरवडून काढतात. कणीक ओली का? कारण ओली कणीक वजन देते, पण वाकायला आडवी येत नाही. वाळली की ती काठी होते आणि पखवाज बसतो. तांब्याचा वेढा आणि कणकेचा गोळा एकच काम करतात!

उजव्या बाजूची शाई याहूनही पुढची. साध्या ताणलेल्या कातड्याचे स्वर १ : १.५९ : २.१४ : २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात, म्हणून साध्या ढोलाला सूर नसतो. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की शाई लावलेल्या आपल्या वाद्यांत हे स्वर १ : २ : ३ : ४ : ५ या तारेसारख्या प्रमाणात येतात. १९३४ मध्ये बंगळुरूहून रामन यांनी सविस्तर निबंध लिहिला. पुडीवर बारीक वाळू टाकून त्यांनी कंपनांच्या आकृत्या पाहिल्या आणि नऊ प्रकारची कंपने पाच स्वरांत कशी जुळून येतात ते मांडले. ज्यांच्या २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधासाठी आपण विज्ञान दिन साजरा करतो, ते हेच रामन.

ही शाई भिंगातून पाहा. लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा लेप थरावर थर चढवून दगडाने घासलेला असतो, आणि तो सगळीकडे बारीक भेगाळलेला असतो. ती भेग म्हणजे दोष नव्हे. घासून घासून ती मुद्दाम आणलेली असते. अखंड लेप काठीसारखा ताठ झाला असता. भेगाळलेला लेप वजन देतो आणि वाकूही देतो. गुंडाळलेल्या तारेच्या दोन वेढ्यांमधली फट आणि शाईतली भेग ही एकच युक्ती आहे.

रामन यांच्या निबंधांमुळे ही गोष्ट जगाला कळली. पण ज्यांनी कातडे कमावले, शाई घोटली, कणकेचे प्रमाण ठरवले त्यांची नावे कुठेच नाहीत. कातड्याला हात लावणाऱ्यांना गावाबाहेर ठेवणाऱ्या समाजाने त्यांच्या ज्ञानाचीही तीच गत केली. त्यांचीच पणतवंडे आज आपल्या वर्गात ध्वनीचा धडा पाठ करत असतात.

वर्गात करण्यासाठी

वाद्यांच्या दुकानात मिळणारी बारीक पोलादी तार अर्धा मीटर अंतरावरच्या दोन ठोकळ्यांवर ताणा आणि टोकाला पाच लिटर पाण्याची बादली टांगा. सूर लक्षात ठेवा. आता पंप-मोटारी भरून देणाऱ्या दुकानातून तांब्याची बारीक तार आणा, पहिल्या तारेवर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा आणि तीच बादली टांगून पुन्हा ऐका. मग तेवढ्याच वजनाची साधी जाड तार लावून पाहा. तार तुटून उडू शकते, म्हणून चेहरा जवळ नेऊ नये. शेजारी एक पखवाज ठेवता आला तर उत्तमच. कणीक लावण्यापूर्वी, ओली असताना आणि वाळल्यावर असे तीनदा वाजवा.

त्या मुलीच्या तक्त्यावर सूत्र नीट लिहिलेले होते, आकृती होती, निष्कर्ष होता. वडिलांचे वाक्य मात्र नव्हते. ‘‘ते का लिहिले नाहीस?’’ असे विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘सर, ते पुस्तकात नाही ना. मार्क कापतील.’’

मी तिला माझे पेन दिले. सूत्राखाली थोडी जागा शिल्लक होती.